वॉटसनला गोळी कुठे लागली?

"मावशी, वॉटसनला गोळी खांद्याला लागली की पायाला?"

भाचीने जेवताना विचारलं. पुस्तक ताटाशेजारीच उघडं. (आमच्याकडे चालतं.) वॉटसन म्हणजे गुप्तहेर शेरलॉक होम्सचा सोबती. होम्सच्या पहिल्या कादंबरीत अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोळी वॉटसनच्या खांद्यात घुसते. दुसरीत हाच गडी जखमी पाय सांभाळत बसलेला.

"लेखकाने स्वतःचंच पुस्तक वाचलं नव्हतं का?" पोरगी चांगलीच चिडली होती.

हसले खरी, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. होम्सचा लेखक कॉनन डॉयल, त्याला असल्या तपशिलांचं फारसं पडलेलं नव्हतं. एका कथेत वॉटसनची बायको त्याला जॉनऐवजी चक्क जेम्स म्हणते! त्यावर डोरोथी सेयर्स या लेखिकेने तोडगा काढला: जॉन एच. वॉटसनमधला 'एच' म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. लेखकाचा विसरभोळेपणा वाचकांनी असा निस्तरायचा.

१८९३ मध्ये डॉयलने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशनबाखच्या धबधब्यापाशी संपवलं. वाचक खवळले. १९०३ मध्ये होम्स हजर! म्हणे जपानी कुस्तीचा डाव टाकून निसटला होता, दरीत पडलाच नव्हता. डॉयलला मिळालेला मोबदलाही घसघशीत होता म्हणा.

मला खांदा-पाय सहज चालतं. मेलेला माणूस परत येतो तेव्हा मात्र त्याआधी आलेलं रडू फुकट गेल्यासारखं वाटतं. पण तो परतला नसता तर नाचऱ्या माणसांची ती होम्सकथाही आली नसती, आणि ती मला सोडवत नाही.

तुम्ही डॉयलच्या जागी असता तर त्याला परत आणलं असतं?