शनिवारचा तास आणि छाट विड्या

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि मी हो म्हणून बसले. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे माझ्यापुरतं गणिताच्या बाईंबद्दल लिहायचं. नाव सांगायची गरज नाही; आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात नुसतं 'बाई' म्हटलं की पुरे. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की मुलगे मार्कंडेय मंदिराच्या दिशेनं पळायचे आणि आठवी ते दहावीच्या मुलींना बाई पत्र्याच्या वर्गात थांबवून घ्यायच्या. दर शनिवारी कुणीतरी नोकरी करणारी यायची. सिव्हिल हॉस्पिटलातल्या सिस्टर, बँकेतल्या कॅशियर, कोर्टातल्या वकील. भाषण करायचं नाही, ही बाईंची अट. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. शिकायला किती पैसे लागले आणि ते आणले कुठून? घरात नको कोण म्हणालं? नापास कधी झालात? उत्तरं बाई लाल पुठ्ठ्याच्या लांब वहीत लिहून ठेवायच्या आणि पाहुणीची सही घ्यायच्या. काळ्या कोटातल्या वकील मॅडम 'दोनदा' म्हणाल्या, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मोठी माणसं नापास होतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९९१ साल असेल, मी नववीत. त्या शनिवारी वीज मंडळातल्या ज्युनिअर इंजिनीअर मॅडम लुनावरून आल्या. मी पहिल्या बाकावर, हात ओढणीखाली. आमच्याकडे अम्मा, मोठी अक्का आणि मी मिळून दिवसाला हजार विड्या वळायचो. कितीही साबण लावला तरी बोटांचा तंबाखूचा वास जात नसे. मॅडमनी ते बघितलं असावं. "कारखान्यात रोज छाट किती निघते गं?" त्यांनी थेट मलाच विचारलं.

सोलापुरात वाढलेल्यांना छाट सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : तपासणारा ज्या विड्या बाजूला काढतो ती छाट. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळत नसत. पान गेलं, तंबाखू गेला, दुपार गेली.

"हजारात साठ," मी म्हणाले.

"शेकडा किती?"

"सहा."

"का निघते?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तपासणारा खडूस आहे, एवढंच आम्हाला माहीत. मॅडमनी फळ्यावर चार रकाने आखले. पान फाटलेलं, तंबाखू कमी, तोंड उघडं, दोरा सैल. "आठवडाभर रोज मोज आणि रेघा मारून आण."

मी तपासणाऱ्याच्या शेजारी उभी राहून रेघा मारल्या. त्यानं दोनदा हाकललं. पुढच्या शनिवारी पहिला रकाना भरून वाहत होता. मॅडम आल्या नव्हत्या, पण बाईंनी वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "पानं दुपारी वाळतात तुमची." खरंच होतं. रात्री भिजवलेली पानं दुपारपर्यंत कडक व्हायची आणि वळताना चिरायची. आम्ही ती ओल्या गोणपाटात गुंडाळून लागतील तशी काढायला लागलो. छाट सहावरून तीनवर आली. अम्मानं त्या महिन्यात मला नवी कंपासपेटी घेतली. तिच्या हिशेबात हे शिक्षणाचं पहिलं उत्पन्न.

दहावीनंतर डिप्लोमाचं ठरलं तेव्हा घरात नको म्हणणारे तिघे होते. लाल वही वाचलेली असल्यानं मला त्याचं नवल वाटलं नाही. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. १९७६चा कायदा आहे तसा, पण अम्माच्या ओळखपत्रावर नाव चुकलेलं. बाई तिला घेऊन कामगार कल्याणच्या दवाखान्यात तीन खेपा घालून आल्या. रिक्षाचे पैसे बाईंचे. अम्माला मराठी जेमतेम, बाईंचं तेलुगू त्याहून जेमतेम. दोघी वाटेत काय बोलल्या असतील कोण जाणे.

आज मी चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभाग बघते. म्हणजे छाटच मोजते. आमच्याकडे तिला 'रिजेक्शन' म्हणतात आणि दहा लाखांत किती ते विचारतात.

दर रविवारी फोनवरून सोलापूर आणि अक्कलकोटकडच्या सहा मुलींशी बोलते. २०२४पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीची फी शंभर टक्के माफ झाली आहे, तरी निम्मा वेळ उत्पन्नाच्या दाखल्यावर जातो. उरलेला वेळ मी बोलते आणि त्या 'हो मॅडम' म्हणतात. कॅमेरे बंद. कुणाचे हात ओढणीखाली आहेत ते मला दिसत नाही. कंपनीतून कधीकधी मुलींच्या शाळांत 'प्रेरणादायी' बोलायला पाठवतात, तिथे तर हार, शाल आणि टाळ्या. नापास कधी झालात, हे आजवर कुणी विचारलं नाही. (दुसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड मेकॅनिक्समध्ये. बाईंना पत्रानं कळवलं होतं. "वहीत लिहायला ये," एवढंच उत्तर आलं.)

मी गेले नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता बाई निवृत्त झाल्या, शनिवारचा तास बंद पडला, आणि बाई गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. पत्र्याच्या वर्गाच्या जागी आता संगणक कक्ष आहे असं ऐकते. चांगलंच आहे.

महोत्सवाला शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येते आहे. तोवर शाळेतल्या कुणीतरी गणिताच्या जुन्या कपाटात बघावं, ही विनंती. लाल पुठ्ठा, लांब वही. माझं पान लिहायचं राहिलंय.