रॉयला जाऊ द्यायला नको होतं

आज दुपारी जेवणाच्या टेबलावर पुन्हा तोच वाद पेटला. मॉन्ट्रियलमध्ये इथल्या आइस हॉकी संघाचा, कॅनेडियन्सचा, विषय निघाला की त्यांचा जुना गोलरक्षक पॅट्रिक रॉय येतोच.

२ डिसेंबर १९९५. घरच्या मैदानावर, फोरममध्ये, डेट्रॉइटने धुलाई चालवली होती, तरी नऊ गोल होईपर्यंत कोचने रॉयला बदललं नाही. शेवटी बाहेर आल्यावर रॉय तडक मागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांकडे गेला आणि सांगून टाकलं की मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. चारच दिवसांत तो कोलोरॅडोच्या संघात गेला, सोबत कॅप्टन माइक कीनसुद्धा. त्याच मोसमात कोलोरॅडोने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. एवढं सांगताना आमच्या साठीच्या सहकाऱ्याने हातातला काटा ताटात ठेवला, आवाज चढला होता. मला त्याचा राग शंभर टक्के पटतो. माणूस दुखावला होता, समजूत काढायची सोडून त्याचा सौदा करून मोकळे झाले!

अर्थात याच क्लबने भारी सौदेही केलेत. १९७० मध्ये क्लबचा मॅनेजर सॅम पोलॉकने कॅलिफोर्नियाच्या संघाकडून पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीची निवड मिळवली, तीच सगळ्यांत पहिली ठरली आणि गी लाफ्लरसारखा खेळाडू हाती लागला. पुढे १९७६ ते ७९ सलग चार कप.

सर्वकालीन श्रेष्ठ कोण, यावर अर्धं टेबल मॉरिस रिशारच्या बाजूने. १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल म्हणजे खायचं काम नाही. माझं मत मात्र जाँ बेलिव्होला, खेळाडू म्हणून दहा कप! आणि गोलमध्ये रॉयच. १९९३ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत) ओव्हरटाइमला, म्हणजे जादा वेळेत, गेलेले सलग दहा सामने जिंकले होते त्याच्या जोरावर.