जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग व्हील काढताना हातोडा लांब ठेवा

जुन्या गाडीत एअरबॅग नसते, त्यामुळे स्टिअरिंग व्हील काढणं वरवर अगदी सोपं वाटतं. हॉर्नचं बटण काढायचं, नट सोडायचा, व्हील ओढायचं. पण चाळीस-पन्नास वर्षं एका जागी बसलेलं व्हील असं ओढून येत नाही. मग हातोडा निघतो आणि नुकसान तिथेच होतं. (१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांपैकी काहींत एअरबॅग असते. तशी गाडी असेल तर इथली पद्धत वापरू नका, तिची रीत वेगळी आहे.)

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण अनेक गाड्यांत हॉर्नची तार थेट व्हीलच्या मधोमध येते. पुढची चाकं सरळ करा. हॉर्नचं बटण कुठे नुसतं दाबून बसवलेलं असतं, कुठे दाबून फिरवावं लागतं, कुठे मागून बारीक स्क्रू असतात. सपाट स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं असेल तर टोकाला कापड गुंडाळा. जुनं प्लास्टिक पटकन तडकतं. बटणाखाली स्प्रिंग आणि तांब्याची किंवा कार्बनची छोटी कांडी असू शकते. हॉर्नचा करंट तिच्यातून जातो आणि ती उडून कार्पेटमध्ये हरवते, म्हणून बटण सुटताच तिथे हात धरा.

आता नट. पुष्कळ गाड्यांना २७ मिमीचा सॉकेट चालतो. १ १/१६ इंचाचा ब्रिटिश नटही २६.९९ मिमी भरतो, त्यामुळे तोच सॉकेट त्यालाही बसतो. खाली पत्र्याचा लॉक वॉशर असेल तर त्याची दुमडलेली कड आधी सरळ करा. नट सोडताना व्हील दुसऱ्या माणसाला घट्ट धरायला सांगा. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावू नका, आतली लॉकची खिट्टी तेवढ्या ताकदीसाठी नसते.

नट सैल झाला की पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या. सगळं काम सुरक्षित होतं ते याच एका गोष्टीमुळे. व्हील सुटतं तेव्हा हळूहळू नाही, एकदम सुटतं. नट नसेल तर ते थेट तोंडावर येतं. याच वेळी शाफ्टच्या (व्हील ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) टोकावर आणि व्हीलच्या मध्यभागावर समोरासमोर खुणा करा, म्हणजे व्हील परत त्याच जागी बसवता येईल. सेंटर पंचने करायच्या असतील तर अगदी हलक्या हाताने. पेंटची रेघ त्याहून बरी.

स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्ट आणि व्हील एकमेकांत अडकवणाऱ्या खाचांच्या, दात्यांत गंज सैल करणारं पातळ तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) सोडा आणि निदान काही तास थांबा, रात्रभर ठेवलं तर उत्तमच. मग दोन्ही हातांनी व्हील डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने हिसकत मागे ओढा. लाकडी रिम असेल तर रिम ओढू नका, मध्याजवळचे स्पोक धरा. नाहीतर रिव्हेट सैल होतात आणि लाकडाचा जोड उघडतो.

तरी हलत नसेल तर पुलर, म्हणजे स्क्रूच्या जोरावर व्हील ओढून काढणारं अवजार. अनेक व्हीलच्या मध्यभागी शाफ्टच्या दोन्ही बाजूंना आटे पाडलेली छिद्रं असतात, पुलरचे बोल्ट तिथे जातात. इथे एक फसगत नेहमी होते. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमीचा, म्हणून एम८ (८ मिमीचा मेट्रिक) बोल्ट त्या छिद्रात एक-दोन फेरे जातोही. पण एम८च्या आट्यांतलं अंतर १.२५ मिमी आणि ५/१६ यूएनसीचं (इंचाच्या मापातल्या जाड आट्यांचं) १.४१ मिमी. तो पुढे अडकतो आणि अॅल्युमिनियममधले आटे सोलून काढतो. बोटांनी पाच-सहा फेरे सहज जात नसेल तर तो बोल्ट त्या छिद्राचा नाही. पुलरचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकाचे आटे चेपणार नाही अशी टोपी किंवा जुना नट मध्ये ठेवा. स्क्रू ताणून ठेवा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाव फेरा द्या. मध्यभाग अॅल्युमिनियमचा असेल तर हीट गनची थोडी ऊब मदत करते, कारण तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ज्योत मात्र नको, खालचं इंडिकेटर स्विच प्लास्टिकचं असतं.

हातोड्याला एवढा विरोध का? शाफ्टवर मारलेला ठोका सरळ कॉलममधून (शाफ्ट आणि त्याभोवतीची नळी) खाली जातो. अमेरिकेत १ जानेवारी १९६८पासून अपघातात स्टिअरिंग कॉलम चालकावर येऊ नये यासाठीचे नियम लागू झाले आणि दबणारे कॉलम सर्रास दिसू लागले. अशा काही कॉलममध्ये प्लास्टिकच्या पिना असतात, त्या अपघातात तुटण्यासाठीच केलेल्या असतात. ठोक्यांनीही त्या तुटतात. मग कॉलम आखूड होतो, व्हील खडखडतं. जुन्या अखंड शाफ्टच्या गाड्यांत तोच मार स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर बसतो.

बसवताना दाते तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा. नटाच्या आट्यांना ग्रीस नको. टॉर्क रेंच तेच आकडे दाखवतो, पण नट जास्त आवळला जातो. टॉर्क त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, एकाच गाडीत वर्षागणिक तो बदललेला असतो. इंडिकेटर बंद करणारा कॅम त्याच्या खाचेत बसलाय ना, तेही पाहा. व्हील किंचित वाकडं बसलं तर गणित करा: ४० दाते असतील तर एक दाता म्हणजे ९ अंश. वाकडेपणा त्याच्या निम्म्याहून कमी असेल तर व्हील पुन्हा काढून उपयोग नाही, तो दोन्ही टाय रॉड (पुढची चाकं वळवणारे दांडे) सारख्याच प्रमाणात, एक लांब आणि एक आखूड करून काढावा लागतो.