डॉख आणि की

तीन आठवडे ठाण्याला राहून कालच श्टुटगार्टला परतलो. बॅगा अजून अर्ध्याच उघडल्यात. लोणच्याची बरणी फुटली नाही एवढं बघून घेतलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलंय. पण हे आज लिहायचंच होतं, कारण उद्या कामावर गेले की राहून जाईल.

नौपाड्यातलं आमचं घर, दुपारचे दोन. आई जमिनीवर बसून साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होती. माझा लेक सहा वर्षांचा आहे, जन्म इथला, जर्मनीतला. तो आतून पळत आला तशी आईनं मान वर न करता विचारलं, "काय रे, जेवला नाहीस अजून?"

"डॉख!" तो म्हणाला.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागले, "हो म्हणतोय तो. म्हणजे नाही म्हणतोय. म्हणजे तू म्हणतेस तसं नाही, तो जेवलाय."

"मग 'जेवलो की' म्हणावं," आई म्हणाली आणि त्याच्याकडे वळली, "म्हण बाळा, जेवलो की."

"जेवलो की!" शेवटचा की त्यानं असा उचलून म्हटला की वाटावं, हा जन्मापासून ठाण्यातच वाढलाय. आई परत किसायला लागली. मी मात्र तिथंच उभी राहिले. जो शब्द नीट समजायला मला इथं येऊन सहा वर्षं लागली, त्याचा मराठी शब्द आईनं कैरी किसता किसता हातात ठेवला होता.

जर्मन मी काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकले. ठाण्याहून फास्ट लोकलनं सीएसएमटी, पुढे चालत. तिथं पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की उत्तरं तीन असतात: या, नाइन आणि डॉख. या म्हणजे हो, नाइन म्हणजे नाही. प्रश्नातच 'नाही' असेल आणि ते खोडून काढायचं असेल, तर डॉख. फ्रेंचमध्ये याच कामाला 'सी' आहे, स्वीडिशमध्ये 'यू'. इंग्रजीतही एके काळी ही सोय होती: साध्या प्रश्नाला 'ये', नकारार्थी प्रश्नाला 'येस'. पुढे एकट्या 'येस'कडेच दोन्ही कामं आली. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, परीक्षेत बरोबर उत्तर दिलं आणि विसरले.

मग इथं आल्यावर केरवॉख आली. 'केर' म्हणजे झाडणं, 'वॉख' म्हणजे आठवडा. योगायोगच, पण आईला हा शब्द एकदा सांगितला तो पुन्हा सांगावा लागला नाही. आमच्या श्वाबेन भागात जिना झाडायची-पुसायची पाळी घराघरांत फिरते. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकवतात. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. माझी पहिली पाळी होती. मी पहाटे सहाला उठून तिन्ही मजले पुसले होते, कठड्यासकट. दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "तुम्ही जिना पुसला नाहीत का?"

मी घाईनं म्हटलं, "नाइन, नाइन!" आपण म्हणतो ना, 'नाही नाही, पुसला', तसं. पण पुढचं 'पुसला' जर्मनमध्ये वेळेवर सुचलंच नाही. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं दार उघडून बघते तर त्या बादली घेऊन स्वतः जिना पुसत होत्या. सत्तरीच्या बाई, माझा पुसलेला जिना पुन्हा पुसताहेत. एका शब्दानं हे थांबलं असतं आणि तो शब्द माझ्या वहीत होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. आजही ते आठवलं की वाटतं.

त्यानंतर मी डॉखकडे कान लावून बसायला लागले, तेव्हा कळलं की वर्गात शिकवला तो एक कोपरा होता. त्याच आजींनी पुढे मला घरी बोलावलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "झेट्सन झी झिश डॉख." इथं खोडून काढायला काही नव्हतंच. डॉख काढून टाकला तर उरतं 'बसा'. डॉख घातला की होतं 'बसा की'. दवाखान्यात सांगतात तसं 'बसा' वेगळं आणि शेजारी म्हणते ते 'बसा की' वेगळं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नवरा मला म्हणतो, "दास हाब इश दिअर डॉख गेझाग्ट," म्हणजे 'सांगितलं होतं की तुला'. इथं तो आठवण करून देतोय आणि थोडा वैतागलायही. हेच 'सांगितलं होतं ना' म्हटलं तरी चालेल, फक्त वैताग जरा कमी होतो.

जोर कुठे पडतो यावर सगळं फिरतं. 'तो येतोय डॉख' यात डॉख हलका म्हटला तर 'तो येतोय की, तुला माहीत आहे'. तोच जोर देऊन म्हटला तर 'येणार नव्हता, पण येतोय शेवटी'. हा दुसरा डॉख आपल्या कीच्या आवाक्याबाहेरचा. तिथं आपल्याला 'शेवटी' लागतं, नाहीतर 'आलाच' मधला तो चिमुकला 'च'. कुणाच्या फोनची वाट बघून थकलेली बाई म्हणेल, 'तिनं फोन तरी करावा', तिथं जर्मन बाई डॉख घालेल आणि आपण 'तरी'. 'लहान, पण छान' म्हणताना 'पण'च्या जागीही डॉख चालतो. मूळ अर्थ बहुधा हाच असावा असं मला वाटतं, कारण इंग्रजीतला 'दो', म्हणजे 'जरी', हा त्याचा सख्खा भाऊ आहे.

उलट बाजूनंही तेच. 'चहा की कॉफी' इथं जर्मनमध्ये 'ओडर' येतो, 'आला की सांग' म्हणायला 'वेन', 'तो म्हणाला की' इथं 'दास'. जुन्या पुस्तकांत हा की 'कीं' असा अनुस्वार देऊन छापलेला दिसतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार गेला आणि एकच अक्षर उरलं. एका अक्षरात किंवा, जेव्हा, असं, आग्रह, आठवण आणि 'तुझं म्हणणं खरं नाही' एवढं सगळं मावतं, आणि आपण दिवसातून शंभरदा ते बोलतो. मी हे वाक्य लिहितानाही कितीदा आला असेल तो, मोजायला हवं.

मला हे महत्त्वाचं का वाटतं सांगते. इथं जर्मन चांगलं येणं म्हणजे व्याकरण, लिंगं, विभक्ती असं समजतात. ते येऊनही माझं बोलणं बरीच वर्षं आज्ञा दिल्यासारखं कोरडं वाटायचं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं एकदा प्रेमानं सांगितलं होतं की तू बरोबर बोलतेस, पण रागावल्यासारखं वाटतं. माझ्या जर्मनमध्ये की नव्हता. मराठीत तो मी कधी शिकलेच नव्हते, तो होताच, म्हणून दुसऱ्या भाषेत तो शोधायला हवा हे सुचलं नाही. नव्यानं इकडे येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते: जिथं मराठीत की म्हणावंसं वाटेल तिथं डॉख घालून बघा. दहापैकी सगळ्या वेळा जमणार नाही, पण ऐकणाऱ्याचा चेहरा सैल झालेला दिसेल.

श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून जुळी शहरं आहेत. पण मला ठाण्याच्या तलावपाळीची आठवण येते, मुंबईची नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं तिथं बोटीत बसलो होतो. लेक सारखा विचारत होता, आजी का येत नाही आपल्याबरोबर. आई काही बोलली नाही. त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत बसली.

आज सकाळी खालच्या आजी लोणच्याची बाटली घ्यायला वर आल्या होत्या. आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. पडद्यावर आईनं हात पुढे केला आणि लेकाला म्हणाली, "ये की रे परत."

"काय म्हणते तुझी आजी?" आजींनी जर्मनमध्ये विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "कॉम डॉख, म्हणते," तो म्हणाला.