एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली, म्हणजे ऑपरेशनच करायचं का?

साठीच्या आसपास गुडघा दुखायला लागतो, एमआरआय होतो, रिपोर्टवर ‘मेनिस्कस टिअर’, म्हणजे गुडघ्यातली गादी फाटली, असं येतं आणि घरात लगेच ऑपरेशनची तारीख ठरवायची घाई सुरू होते. ती घाई कृपया करू नका. या वयात मेनिस्कस बहुतेक वेळा झिजून झिजून फाटलेला असतो, आणि अशी चीर न दुखणाऱ्या गुडघ्यातही सापडते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चीर असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता.

मेनिस्कस ही मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली चंद्रकोरीच्या आकाराची गादी. तिला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला. आतल्या भागातली जुनी, विरलेली चीर शिवली तरी भरून येणं कठीण असतं. म्हणून या वयात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे बहुधा फाटका तुकडा कातरून काढणं. तेवढी गादी कमी होते, आणि भार मात्र तोच राहतो. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांपैकी काहींचा तुकडा खरोखर काढला, बाकीच्यांना ऑपरेशनचा फक्त देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं (२०१३).

आता व्यायामाकडे येऊ, कारण गाडी अडते ती इथेच. दहा दिवस शेक आणि मशीन घेऊन ‘फिजिओथेरपीने फरक पडला नाही’ म्हणणारे फार. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, पण मांडीला ताकद येत नाही. ताकदीला किमान १२ आठवडे द्यावे लागतात, आठवड्यातून दोन-तीनदा.

सुरुवात पाय सरळ उचलण्याने करा. पाठीवर झोपा, चांगला पाय गुडघ्यात वाकवून पाऊल टेकवा. दुखऱ्या पायाची मांडी आधी घट्ट आवळा. वाटी किंचित वर सरकलेली दिसली पाहिजे. मगच पाय फूटभर उचला, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दहादा, अशा तीन फेऱ्या. उचलताना गुडघा वाकत असेल तर मांडीचं काम जांघेचे स्नायू करताहेत. अशा वेळी उंची कमी करा. हे सहज जमलं की घोट्याला अर्धा किलो वजन बांधा.

पुढे १० ते १५ सेंटिमीटर उंच पायरीवर चढ-उतार. चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं: तीन सेकंद मोजत खाली या, आणि गुडघा आत न पडता पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. तो आत पडत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडताहेत, म्हणून कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायामही जोडीला हवा. खोल उठाबशा आणि पायावर भार असताना गुडघ्याला पीळ देणं सध्या टाळा.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पूर्ववत झालं पाहिजे. सूज वाढली तर फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊ नका, आराम वाटला तरी. गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि पूर्ण सरळ होईनासा होतो. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने हलका होतो.

काही गुडघे मात्र थांबू शकत नाहीत. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेला तुकडा मध्ये आलेला असू शकतो. मोठ्या अपघातानंतर गुडघा लगेच सुजला, किंवा मेनिस्कस हाडाला जोडलेल्या मुळापाशीच तुटला, तरीही ऑर्थोपेडिक सर्जनना ताबडतोब दाखवा. नुसता कटकट आवाज येणं यात मोडत नाही.

मनापासून व्यायाम करूनही काहींचं दुखणं हटत नाही. अमेरिकेतल्या ३५१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) फिजिओथेरपी गटातल्या ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांत ऑपरेशन करून घेतलं. वर्षअखेरीस त्यांची स्थिती सुरुवातीलाच ऑपरेशन केलेल्यांसारखीच होती.