सोलापूरच्या गच्चीवर मोनार्डा

सोलापुरात बी बाम (इंग्रजी bee balm, म्हणजे मोनार्डा हे मधमाश्यांच्या आवडीचं फुलझाड) येतं का, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठलं? फोटोत दिसतं ते लालभडक फुलाचं म्हणजे मोनार्डा डिडिमा. ते मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं, ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीतलं. मुळाशी कायम ओल आणि हिवाळ्यात कडक थंडी ही त्याची सवय. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि नळाला पाणी चार-चार दिवसांआड. त्याच्या नादी मी लागलेच नाही.

मी लावलं ते मोनार्डा सिट्रिओडोरा. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोकडचं, चुनखडीच्या कोरड्या माळावर उगवणारं आणि एका हंगामात सगळं उरकून मोकळं होणारं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेने सुगंधी तेलासाठी याच जातीवर काम केलंय, हे वाचल्यावर जरा धीर आला.

फुलांची हौस होतीच, पण खरं कारण काकडी. वेल गच्चीभर पसरायचा, फुलं यायची, पण काकड्या एका बाजूने फुगलेल्या, शेंड्याला वाळलेल्या. परागीकरण अपुरं झालं की असंच होतं. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या येणार तरी कशाला? त्यांना बोलवायला काहीतरी हवं होतं.

बी मिळवणं सगळ्यात कटकटीचं. नेहमीच्या नर्सरीत विचारलं तर मामा म्हणाले, “बाम? मेडिकलमध्ये बघा की ताई.” ऑनलाइन मागवलं, तर एका विक्रेत्याने लेमन बाम पाठवलं. ते मेलिसा, पुदिन्यासारखं दिसणारं वेगळंच झाड. परत करायला पाठवलेल्या मेलला अजून उत्तर नाही. तेव्हा पाकिटावर ‘मोनार्डा सिट्रिओडोरा’ हे शास्त्रीय नाव असल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि परदेशातून थेट बी मागवायच्या फंदात पडू नका. त्याला आयातीचा परवाना लागतो, रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. घरगुती कुंड्यांसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार!

पेरणीचं गणित मात्र मला गावाकडूनच मिळालं. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथे ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात, थंडीत वाढते, उन्हाळा तापायच्या आत काढणी. या झाडालाही नेमकं हेच वेळापत्रक मानवतं. विदेशी पुस्तकी सल्ला असतो वसंतात पेरा म्हणून. इथे वसंतात पेरलं तर रोपं हाताएवढी व्हायच्या आत एप्रिल गाठतो. म्हणून दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन जरा उतरलं की पेरायचं.

माती नुसती काळी घेऊ नका. आपली काळी माती पाणी दिलं की फुगते, वाळली की भेगाळते, आणि कुंडीत तर ढेकूळच होते. मी एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग वाळू आणि मूठ-दोन मूठ जुनं शेणखत घेतलं. खत हात राखून घाला. जास्त झालं की झाड उंच लुकडं वाढतं आणि गच्चीवरच्या वाऱ्याने आडवं होतं. मुरमातल्या चुन्याची भीती नको, ते तिकडेही असल्याच जमिनीत राहतं.

बी बारीक, तपकिरी, बोटाला चिकटून राहणारं. चाळलेल्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरायचं आणि हाताने नुसतं दाबायचं. वर माती पसरायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू दिली. मुंग्या बी पळवायला टपलेल्या असतात. कडेने हळदीची रेघ ओढली. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसले. मग वीतभर अंतर ठेवून बाकीची रोपं उपटली. हे काम माझ्या सासूबाईंना अजिबात बघवलं नाही. “उगवलेलं कशाला मारतीस गं?” म्हणून त्यांनी उपटलेली रोपं ताकाच्या रिकाम्या कपांत लावली. त्यातली बरीच जगलीसुद्धा.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. खुडलेला शेंडा बोटात चुरडला की आधी लिंबाचा वास येतो, आणि लगेच मागून ओवा. शेजारच्या काकूंनी पान हुंगलं आणि म्हणाल्या, “ओव्याचं झाड हाय की हे!” त्या चुकल्या म्हणता येणार नाही, कारण ओव्यात असतं तेच थायमॉल यातही भरपूर असतं. खोड चौकोनी, तुळशीसारखंच, कारण कूळ एकच. याच्या पानांचा चहा मी करून पाहिला. अमेरिकेत 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्यानंतर लोक लाल मोनार्डाच्या पानांचा चहा प्यायचे, असं सांगतात. आमच्या घरी एक घोट घेऊन ह्यांनी विचारलं, “पोट कुणाचं दुखतंय?”

डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ आलं आणि पानांवर पांढरी पावडर दिसली. भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. द्राक्षवाल्यांच्या जिल्ह्यात ती ओळखायला कुणाची मदत लागत नाही. खालची दाटीची पानं काढून हवा खेळती केली आणि पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी फवारलं. उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात. कळ्या दिसायला लागल्या की फवारणी बंद. माश्यांना बोलवायचं आणि वर औषध मारायचं, हे कसं चालेल?

पाण्याचं एवढंच, की वरची माती दोन पेरं वाळल्याशिवाय देऊ नका. फिल्टरमधून वाया जाणारं खारट पाणी तर मुळीच नको, आपल्याकडचं बोअरचं पाणीच मुळात जड.

शिमग्याच्या सुमारास फुलं आली. रस्त्याकडेला दीपमाळ नावाचं रानझाड असतं ना, तशीच एकाच दांड्यावर एकावर एक चढलेली वलयं, फक्त इथे जांभळट गुलाबी. पहिल्यांदा आला तो काळा भुंगा, असा घरघरत की सासूबाई आत पळाल्या. मग छोट्या फुलोरी मधमाश्या, नंतर सातेरी मधमाश्या. सकाळी आठ ते दहा या वेळात गर्दी जास्त. नळीसारख्या फुलात तोंड खुपसलं की परागकोश माशीच्या पाठीला टेकतो आणि ती तशीच पिवळी पाठ घेऊन काकडीकडे वळायची. काकड्या यंदा सरळ आल्या. सगळं श्रेय मोनार्डाला देणार नाही, वेलाला खतही वेळेवर पडलं होतं.

एप्रिलमध्ये झाड वाळायला लागलं की त्याला पाणी घालून जगवायची धडपड करू नका, त्याचं आयुष्यच तेवढं. बोंडं तपकिरी झाली की कापून स्टीलच्या डब्यात उलटी झटकायची, बी आपोआप पडतं. ते कागदाच्या पुडीत ठेवायचं. कुंडीत सांडलेलं बी जूनच्या पहिल्या पावसाने उगवलं होतं, पण श्रावणापर्यंत मुळं कुजून गेली. म्हणून आता बोंडं फुटायच्या आधीच कापते.