पिक्चर नुसता बघता येत नाही का?

“तुम्हाला पिक्चर नुसता बघता येत नाही का? दर वेळी राजकारण कशाला आणता मधे?” भाचेमंडळी विचारतात, मित्र विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मी आणत नाही हो, ते आधीच तिथं बसलेलं असतं.

‘अर्ध सत्य’चंच घ्या. १९८३ सालचा, गोविंद निहलानींचा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. म्हणजे बोलतो हिंदी, पण घर मराठीच. सब-इन्स्पेक्टर वेलणकर एका जळालेल्या माणसाच्या जबाबावरून गुंड रामा शेट्टीला धरायला जातो. शेट्टी जागचा हलत नाही. एक फोन फिरवतो आणि वेलणकर हात हलवत परत. ना भाषण, ना झेंडा. पुढे हाच शेट्टी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो.

याला हात लावता येत नाही, मग हात लावायचा कुणाला? रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेल्या भुरट्या चोराला. त्याला वेलणकर कोठडीत मरेपर्यंत मारतो. (वेलणकरचा बाप रिटायर्ड पोलीस, घरात बायकोला मारणारा. मारणं कुठं शिकला, हे सिनेमानं लपवलेलं नाही.) माझ्या मते सिनेमाचं सगळं राजकारण या एका सीनमध्ये आहे. अन् गंमत बघा, शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या होत्या. वेलणकरचे हात तेच होते, हे नंतर लक्षात आलं. त्या चोराचं नाव काय होतं, बाहेर पडताना कुणाला तरी विचारून बघा.

आणखी एक गोष्ट मला खुपते. नायक वेलणकर, गुंड शेट्टी. मुंबईत १९६६ साली शिवसेना निघाली आणि पुढची काही वर्षं दाक्षिणात्यांविरुद्ध जे चाललं, त्यात उडपी हॉटेलंही सुटली नाहीत. ते बघितलेल्या शहरात शेट्टी हे आडनाव नुसतं आडनाव उरत नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही असेल असं मी म्हणत नाही. शेट्टीची भूमिका केली नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी, मराठी रंगभूमीवरून आलेल्या माणसानं, आणि अशी केली की नाव लोकांच्या तोंडी बसलं.

आमच्या ऑफिसात एक शेट्टी होते, अकाउंट्सला. सिनेमा लागल्यापासून सगळे त्यांना ‘रामा’ म्हणायला लागले. बिचारे हसून घ्यायचे. एकदा डबा खाताना मला म्हणाले, “तुमच्यात कुणाला वेलणकर म्हणून चिडवत नाहीत का हो? पडद्यावर दोन जीव तर त्यानंच घेतले.”